आकडा केव्हा कळतो

संगणकात प्रोसेसर किती आहेत, हा प्रश्न इतका साधा वाटतो की त्यावर प्रकरणभर लिहावे याचेच नवल वाटावे. परंतु कार्यप्रणालीचा गाभा असलेल्या कर्नलमध्ये, म्हणजे स्मृती, वेळ आणि जोडलेली यंत्रे यांची वाटणी करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, या एका आकड्याशी पदोपदी गाठ पडते. नवे काम कोणाकडे सोपवायचे, कोणता प्रोसेसर रिकामा बसला आहे, एकाने केलेला बदल इतरांना कसा कळवायचा आणि प्रत्येकाची स्वतंत्र नोंदवही मांडायला किती जागा राखायची, या सर्व व्यवहारांच्या मुळाशी तोच आकडा असतो. म्हणून आकडा किती याच्याइतकाच, किंबहुना काही बाबतींत त्याहून अधिक, तो कर्नलला केव्हा कळतो हा प्रश्न मोलाचा ठरतो.

कर्नलच्या आयुष्यात असे कळण्याचे प्रसंग मोजकेच येतात. पहिला प्रसंग बांधणीचा. लिनक्ससारखा कर्नल प्रामुख्याने सी या भाषेत, माणसाला वाचता येईल अशा मजकुराच्या रूपात लिहिलेला असतो आणि कंपायलर नावाचा प्रोग्रॅम त्या मजकुराचे यंत्राला समजणाऱ्या आज्ञांत रूपांतर करतो. या रूपांतराला कंपाइल करणे म्हणतात आणि ते बहुधा कर्नल जिथे वापरला जाणार त्या जागेपासून शेकडो कोस दूर, एकदाच होते. दुसरा प्रसंग यंत्र सुरू होतानाचा. त्या वेळी कर्नल मदरबोर्डवरच्या फर्मवेअरने तयार ठेवलेले तक्ते वाचून आपल्या वाट्याला किती प्रोसेसर आले हे जाणून घेतो. त्यानंतरही, यंत्र चालू असताना, एखादा प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी बाजूला काढला जातो किंवा नव्याने जोडला जातो. आकडा जितका लवकर पक्का होईल तितका कंपायलरला त्याचा लाभ घेता येतो. मात्र जितका लवकर तो पक्का करावा तितकी तो चुकण्याची शक्यता वाढते.

यंत्रे घडवणाऱ्यांना हा पेच संगणकाच्या कितीतरी आधीपासून परिचित आहे आणि तो समजून घेण्यासाठी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. याच तालुक्यात, तेव्हाच्या औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगरांनी नाव कमावलेला हा कारखाना पुढे पाण्याच्या पंपांसाठी देशभर ओळखला जाऊ लागला. अपकेंद्री पंपाचे दोन भाग येथे लक्षात घ्यावे लागतात. बाहेरचे आवरण, ज्याला कारखान्यात केसिंग म्हणतात, ते ओतीव असते; त्याचे माप फाउंड्रीसाठी पॅटर्न तयार होतो त्याच वेळी ठरते आणि नंतर ते मोठे किंवा लहान करता येत नाही. आत फिरणारे चक्र, म्हणजे इंपेलर, हेही ओतलेलेच असते. परंतु पाणी किती उंच चढवायचे आहे, ज्याला शेतकरी आणि मेकॅनिक दोघेही हेड म्हणतात, त्यानुसार इंपेलरचा व्यास लेथवर कातून कमी करता येतो. त्यामुळे एकाच पॅटर्नमधून निघालेला पंप वेगवेगळ्या हेडसाठी विकता येतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवा पॅटर्न करण्याचा खर्च टळतो. या सोयीची किंमतही असते. इंपेलर प्रमाणाबाहेर कातला की त्याच्या आणि केसिंगच्या मधली फट वाढते, पाणी आतल्या आत घोटाळत राहते आणि पंपाची कार्यक्षमता घसरते.

लिनक्स कर्नलमध्ये प्रोसेसरांच्या संख्येसंबंधी नेमकी अशीच दोन मापे आहेत. त्यांतले पहिले एनआर-सीपीयूज या नावाने ओळखले जाते. ते बांधणीच्या वेळी ठरते आणि हा कर्नल जास्तीत जास्त किती प्रोसेसर सांभाळू शकेल याची ती कमाल मर्यादा असते. दुसरे एनआर-सीपीयू-आयडीज. ते यंत्र सुरू होताना ठरते आणि या विशिष्ट यंत्रात प्रोसेसरांचे क्रमांक प्रत्यक्षात कुठपर्यंत जाऊ शकतात हे सांगते. पहिले माप केसिंगचे आणि दुसरे कातलेल्या इंपेलरचे. या दोहोंमधली फट हाच प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे.

फट कुठे बोचते हे पाहण्यासाठी कर्नल प्रोसेसरांचा हिशेब कसा ठेवतो हे आधी पाहिले पाहिजे. प्रोसेसरांचा एखादा समूह दाखवण्यासाठी, उदाहरणार्थ सध्या चालू असलेले सर्व किंवा अमुक कामाला परवानगी असलेले सर्व प्रोसेसर दाखवण्यासाठी, कर्नल बिटांची एक पट्टी वापरतो. प्रत्येक प्रोसेसरला एक बिट मिळतो; तो १ असेल तर प्रोसेसर त्या समूहात आहे, ० असेल तर नाही. या पट्टीला सीपीयू-मास्क म्हणतात. शाळेच्या हजेरीपटावर एका ओळीत खुणा कराव्यात तसा हा प्रकार आहे आणि ‘पुढचा हजर कोण’ हे शोधणे हे कर्नलचे अखंड चालणारे काम आहे.

आता आठ कोअरांचा एक साधा मोबाइल घ्यावा. कोअर म्हणजे एकाच चिपवर बसवलेला स्वतंत्र प्रोसेसर. आठ कोअरांच्या हजेरीला आठ बिट पुरतात आणि आजचे प्रोसेसर एका वेळी ६४ बिटांचा शब्द हाताळतात, म्हणजे सगळी हजेरी एका शब्दाच्या आठव्या भागात मावते. हे कंपायलरला आधीच ठाऊक असेल, तर ‘पुढचा हजर कोण’ या प्रश्नाचे उत्तर तो एक-दोन यंत्राज्ञांत बसवतो, कारण शब्दातला सर्वांत उजवीकडचा १ शोधून देणारी आज्ञा किंवा आज्ञांची जोडी प्रोसेसरांत तयार असते. समूह रिकामा आहे का हे शून्याशी एका तुलनेत कळते. दोन समूहांतले समान सदस्य काढायला एक आज्ञा पुरते. पट्टीची नक्कल करणे म्हणजे एक आकडा इकडून तिकडे ठेवणे. बहुतेक काम प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या नोंदकप्प्यांतच, म्हणजे रजिस्टरांत, उरकते.

कंपायलरला आकडा ठाऊक नसेल तेव्हा तोच मजकूर वेगळे रूप घेतो. पट्टी किती शब्दांची आहे हे सांगता येत नसल्यामुळे शोध घेण्यासाठी स्वतंत्र उपक्रमाला, म्हणजे फंक्शनला, हाक मारावी लागते. ते फंक्शन आधी स्मृतीतून मर्यादेचा आकडा आणते, मग एकेक शब्द तपासत पुढे जाते, शेवटचा शब्द अर्धवट असेल तर त्याची कड वेगळी हाताळते आणि दर फेरीला मर्यादा ओलांडली का याची खात्री करून घेते. आठ कोअरांच्या यंत्रात पहिल्याच शब्दात उत्तर सापडते, म्हणजे फेऱ्या काही वाढत नाहीत. वाढते ती तयारी. दाराशी आलेल्या माणसाला पाणी द्यायचे तर आधी घरात माणसे किती याची शिरगणती करावी, असा हा खटाटोप असतो. एका वेळचा तोटा अब्जांश सेकंदांचा असेल, पण शेड्युलर, म्हणजे कोणते काम कोणत्या कोअरवर चालवायचे हे ठरवणारा कर्नलचा विभाग, अशी शोधाशोध अखंड करत असतो, आणि कर्नलमध्ये अशा जागा विपुल असल्याने आज्ञांचा एकूण पसाराही वाढतो.

प्रोसेसर एकच असेल तर आकडा आधी कळण्याचा लाभ टोकाला पोहोचतो. लिनक्सने एकाहून अधिक प्रोसेसरांना आधार दिला तो १९९६ साली आलेल्या २.० या आवृत्तीपासून. त्याआधी सगळा कर्नल एका प्रोसेसरच्या गृहीतावर उभा होता आणि नंतरही तशी बांधणी करण्याची सोय ठेवण्यात आली. अशा बांधणीत ‘सर्व प्रोसेसरांवर फिरून ये’ या आज्ञेचे चक्र उरतच नाही, कारण एकदाच करायच्या कामासाठी कंपायलर चक्र ठेवत नाही. ‘मी कोणत्या प्रोसेसरवर आहे’ या प्रश्नाचे उत्तर नेहमी शून्य, त्यामुळे तो प्रश्नही पुसला जातो. दोन प्रोसेसर एकाच माहितीवर एकदम हात टाकू नयेत म्हणून लावलेली स्पिनलॉक नावाची कुलुपे जवळजवळ नाहीशी होतात. लेखकाने कुलूप लिहिलेले असते, वाचकाला ते दिसते, पण यंत्रापर्यंत ते पोहोचत नाही. कंपायलरच्या या वगळण्याच्या सामर्थ्यावरच कर्नलचे लेखक एक मजकूर लिहून त्यातून अनेक कर्नल काढत आले आहेत.

मग दुसऱ्या टोकाने ताण आला. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने हजारो प्रोसेसर एकाच स्मृतीला जोडणारी यंत्रे बांधली, ज्यांत सर्व प्रोसेसरांवर मिळून एकच कर्नल चाले आणि त्याला ४,०९६ पर्यंत मोजता येणे आवश्यक होते. ४,०९६ बिटांची पट्टी ५१२ बाइट जागा घेते. ही जागा क्षुल्लक वाटेल, परंतु कर्नलमधल्या प्रत्येक कामाला तात्पुरत्या नोंदींसाठी मिळणारी स्टॅक नावाची स्मृती त्या काळी नेहमीच्या ६४-बिट पीसींवर अवघी ८ किलोबाइट होती. एखाद्या फंक्शनने चार पट्ट्या मांडल्या की चौथा हिस्सा संपला, आणि त्या फंक्शनने तशाच दुसऱ्याला हाक मारली की स्टॅक ओसंडून शेजारच्या माहितीवर सांडण्याची वेळ आली. २००८ च्या सुमारास रस्टी रसेल आणि सिलिकॉन ग्राफिक्सचे माइक ट्रॅव्हिस यांनी यावर काढलेला तोडगा या क्षेत्रातल्या कसबाचा नमुना मानावा लागेल. त्यांनी पट्टीसाठी असा एक प्रकार घडवला की मोठ्या यंत्राच्या बांधणीत तो दूरच्या स्मृतीचा केवळ पत्ता होतो आणि लहान यंत्राच्या बांधणीत जागच्या जागी प्रत्यक्ष पट्टी होतो. दूरची स्मृती मागितली की ती न मिळण्याचीही शक्यता असते, म्हणून प्रत्येक ठिकाणी ‘मिळाली का’ अशी तपासणी लिहावी लागते. परंतु लहान बांधणीत ही मागणी ‘मिळाली’ असे ठरीव उत्तर देते, आणि उत्तर ठरीव आहे हे दिसताच कंपायलर ती तपासणी आणि अपयशाची सगळी वाट छाटून टाकतो. मोठ्यांसाठी घेतलेल्या काळजीचा भुर्दंड लहानांवर पडत नाही.

तरीही प्रत्यक्षात भुर्दंड पडतोच, आणि त्याचे कारण तंत्रापेक्षा व्यवहारात अधिक आहे. उबुंटू किंवा फेडोरा यांसारखी लिनक्सची वितरणे एकच कर्नल बांधून सर्वांना देतात. तो कुणाच्या लॅपटॉपवर चालेल आणि कुणाच्या महाकाय सर्व्हरवर, हे त्यांना ठाऊक नसते. त्यामुळे नेहमीच्या ६४-बिट पीसीसाठी ती सरळ ८,१९२ ही कमाल मर्यादा निवडतात. पलूसच्या बाजारपेठेतल्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात चार कोअरांच्या संगणकावर असे वितरण बसवले, तर त्या संगणकातल्या पूर्ण लांबीच्या प्रत्येक हजेरीपटावर ८,१९२ रकाने आखलेले असतात, म्हणजे एक किलोबाइट जागा, आणि त्यांतले चार भरलेले. केसिंग धरणावरच्या पंपाचे आणि इंपेलर विहिरीवरच्या मोटारीचा, असा हा संसार आहे.

ही फट बुजवण्याचा सर्वांत थेट मार्ग २०२२ साली यूरी नोरोव यांनी सुचवला आणि तो त्या वर्षअखेरच्या ६.१ या आवृत्तीत दाखल झाला. फोर्स-एनआर-सीपीयूज असे नाव दिलेला हा पर्याय बांधणी करणाऱ्याला असे वचन देऊ देतो की मर्यादेचा आकडा हा अंदाज नसून यंत्रातल्या प्रोसेसरांची खरी संख्या आहे. हे वचन मिळाले की एनआर-सीपीयू-आयडीज हे दुसरे माप स्मृतीतून वाचण्याची वस्तूच राहत नाही. ते पहिल्याशी एकरूप होऊन स्थिरांक बनते, आणि त्यावर अवलंबून असलेली चक्रे, तुलना व फंक्शनांना मारलेल्या हाका कंपायलरला आक्रसता येतात. वचन खोटे ठरले तर काय, याचीही तरतूद आहे. यंत्र सुरू होताना फर्मवेअरकडून कळलेला आकडा जुळला नाही, तर कर्नल इशाऱ्याची ओळ छापतो. हा पर्याय तज्ज्ञांसाठी राखलेल्या भागात ठेवलेला आहे, जेणेकरून एखाद्या वितरणाने तो चुकून सर्वांसाठी चालू करू नये.

याच सुधारणांच्या ओघात एक घसरणही झाली, आणि ती या विषयाचा स्वभाव चांगला उघड करते. पट्ट्यांवरच्या क्रियांनी कोणते माप वापरायचे याविषयीचा जुना गोंधळ मिटवताना त्या सरसकट सुरुवातीला कळणाऱ्या, म्हणजे बदलत्या, मापावर नेण्यात आल्या. मांडणी सुटसुटीत झाली, पण ज्या बांधणीत सगळी हजेरी एका शब्दात मावत होती तिथेही कंपायलर अनभिज्ञ होऊन बसला. मार्च २०२३ मध्ये खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यात हात घातला. त्यांच्या मांडणीत मर्यादा ६४ पर्यंत असेल तर सर्वच क्रिया स्थिर मापाने होतात. मर्यादा त्याहून मोठी पण चार शब्दांत, म्हणजे २५६ बिटांत, मावणारी असेल तर पट्टी पुसणे किंवा तिची नक्कल करणे स्थिर मापाने होते, कारण नेमके किती शब्द पुसायचे हे मोजत बसण्यापेक्षा चारही पुसणे स्वस्त पडते. शोध मात्र खऱ्या संख्येपर्यंतच घेतला जातो, रिकामे शब्द चाळण्यात अर्थ नसतो. त्यापलीकडे दोन्ही कामे खऱ्या संख्येवर. अंगणात चार फरश्या असतील तर कुठे धूळ आहे हे न पाहता सगळ्या झाडून घ्याव्यात, वाडा असेल तर आधी पाहावे, इतके हे व्यवहारी शहाणपण आहे.

या मांडणीतून जी गोष्ट ठळक होते ती नेमक्या आकड्याच्या आग्रहाला काहीशी छेद देणारी आहे. कंपायलरला खरी संख्या ४ की ८ की १२ हे कळले नाही तरी फारसे बिघडत नाही; ती ६४ च्या आत आहे एवढे कळले की बहुतांश लाभ पदरात पडतो. अँड्रॉइडचे उदाहरण येथे बोलके आहे. पलूस, भिलवडी, अंकलखोप या पट्ट्यात द्राक्षबागेत उभे राहून पावसाचा अंदाज पाहणाऱ्या बागायतदारांच्या हातांतले मोबाइल वेगवेगळ्या कंपन्यांचे आणि वेगवेगळ्या चिपांचे असतात. गूगलने अलीकडच्या वर्षांत या सर्वांसाठी एक सामायिक कर्नल आणला, म्हणजे नेमका आकडा आधी ठरवण्याची वाटच बंद झाली. परंतु त्या सामायिक कर्नलची मर्यादा ३२ ठेवलेली आहे. ३२ हा आकडा कोणत्याही मोबाइलची खरी संख्या नसेल, तरी तो एका शब्दात मावतो, आणि तेवढ्याने हजेरीपट पुन्हा एका ओळीचा होतो. पंपाच्या भाषेत सांगायचे तर इंपेलर किती कातला यापेक्षा केसिंग कोणत्या वर्गातले निवडले यावर कार्यक्षमता अधिक अवलंबून राहते.

त्या मोबाइलवर दिसणारा पावसाचा अंदाज जिथे तयार होतो तिकडे वळले की प्रोसेसरांच्या संख्येचे आकडे एकदम लाखात जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत, पाषाणला, जानेवारी २०१८ मध्ये प्रत्युष हा महासंगणक कार्यान्वित झाला. त्यात १,१९,२३२ कोअर होते. एवढ्या कोअरांची हजेरी ठेवणारा कर्नल ८,१९२ च्या मर्यादेत कसा बसतो, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. उत्तर असे की तो बसवावाच लागत नाही. प्रत्युष हे क्रे कंपनीचे यंत्र सुमारे ३,३०० स्वतंत्र नोडांचे बनलेले होते. नोड म्हणजे स्वतःची स्मृती असलेला पूर्ण संगणक. प्रत्येक नोडवर १८ कोअरांच्या दोन चिप आणि लिनक्सचा स्वतंत्र कर्नल असे, आणि त्याला फक्त आपल्या नोडवरचे ३६ कोअर मोजायचे असत. एका कोअरचे दोन भासवण्याची सोय चालू ठेवली तर ७२. शेजारच्या नोडवर किती आहेत हे त्याच्या गावीही नसते. नोडांमधला संवाद जाळ्यावरून संदेश पाठवून होतो आणि त्याची व्यवस्था कर्नलच्या बाहेरचे प्रोग्रॅम पाहतात.

पुण्यातली महासंगणकांची परंपरा पहिल्यापासून याच वळणाची आहे. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने १९९१ साली पूर्ण केलेला परम ८००० हा ट्रान्सप्युटर नावाच्या चिपांवर उभा होता. प्रत्येक ट्रान्सप्युटरला स्वतःची स्मृती आणि शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार जोडण्या असत, सामायिक स्मृती नसे, त्यामुळे सर्वांना मोजणारा एकच कर्नल ही कल्पनाच त्या रचनेत उद्भवत नव्हती. टाटा सन्सच्या सीआरएल या कंपनीने पुण्यात बांधलेला ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथा आला तेव्हा त्यात १४ हजारांहून अधिक कोअर होते, पण प्रत्येक नोडवर चार कोअरांच्या दोन चिप, म्हणजे कर्नलच्या दृष्टीने आठ. जगातले अग्रगण्य यंत्र आणि आजचा मध्यम किमतीचा मोबाइल, दोन्हींच्या कर्नलचा हजेरीपट सारख्याच लांबीचा असावा, ही गोष्ट गमतीची खरी.

महासंगणकात आकडा आधी पक्का करण्याचा युक्तिवाद मात्र अधिक जोरकस आहे. तिथले गणनेचे नोड एकाच साच्यातले असतात, ते बदलले जातात तेव्हा एकदम बदलले जातात आणि कर्नल कोणता चालवायचा हे ठरवण्याचा अधिकार यंत्र चालवणाऱ्यांकडेच असतो. शिवाय हवामानाच्या प्रारूपात पृथ्वीचे चौकोनी तुकडे पाडून प्रत्येक तुकडा एकेका कोअरला दिलेला असतो आणि दर पायरीला सर्वांना थांबून शेजाऱ्यांच्या कडेची माहिती घ्यावी लागते. एका नोडवरचा कर्नल स्वतःच्या कामात क्षणभर गुंतला की उरलेले हजारो त्याची वाट पाहत उभे राहतात. याला कार्यप्रणालीचा गोंगाट म्हणतात. २००३ साली अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत एएससीआय क्यू या ८,१९२ प्रोसेसरांच्या यंत्रावर संशोधकांना आढळले की कार्यप्रणालीची किरकोळ वाटणारी कामे नोडानोडांवर अवेळी होत राहिल्याने एका महत्त्वाच्या प्रोग्रॅमचा वेग निम्म्यावर आला होता. प्रोसेसर-संख्या स्थिर केल्याने असा मोठा गोंगाट थांबत नाही, हे मान्यच करावे लागेल. पण जिथे कर्नलचा प्रत्येक क्षण हजारोंनी गुणला जातो तिथे त्याचे अंग आटोपशीर असणे इष्ट ठरते, आणि अशा यंत्रांवर गणनेच्या नोडांसाठी छाटलेला कर्नल चालवण्याची पद्धत त्यातूनच पडली.

याउलट टोक म्हणजे आभासी यंत्र. एका सर्व्हरवर अनेक संगणकांचा भास निर्माण करून प्रत्येकात स्वतंत्र कार्यप्रणाली चालवण्याची ही पद्धत पलूस तालुक्याला अपरिचित नाही. १९३९ पासून भिलवडीत असलेल्या चितळे डेअरीने २०१० च्या सुमारास म्हशींच्या कानांना आरएफआयडी बिल्ले लावून त्यांच्या नोंदी संगणकावर ठेवायला सुरुवात केली आणि त्या कामासाठी आभासी यंत्रांचा अवलंब केला, हे त्या काळी संगणक उद्योगात कौतुकाने सांगितले जाई. आभासी यंत्राची सोय अशी की काम वाढले तर चालू यंत्राला आणखी प्रोसेसर देता येतात. म्हणून काही आभासी व्यवस्थांचे फर्मवेअर कर्नलला आधीच बजावून ठेवते की आज दोन प्रोसेसर असले तरी उद्या १२८ होऊ शकतील. सुरुवातीच्या नोंदींत ‘१२८ ना परवानगी, त्यांतले १२६ नंतर जोडण्याजोगे’ अशा अर्थाची ओळही उमटते. कर्नलचा स्वभाव कागदोपत्री चालण्याचा असल्याने तो संभाव्य १२८ जणांच्या नोंदवह्या पहिल्याच दिवशी मांडून मोकळा होतो आणि जे कधी येणार नाहीत त्यांच्यासाठी स्मृती अडकून पडते. येथे आकडा बांधणीत कोरणे अनुचित ठरते. त्याऐवजी सुरू होताना कर्नलला ‘इतक्याच प्रोसेसरांचा विचार कर’ असे सांगणारी एक सूचना देता येते आणि जाणते व्यवस्थापक ती देतात. हा लेथवरचा उपाय आहे, पॅटर्नला हात न लावता केलेला.

बांधणी आणि सुरुवात या दोन प्रसंगांतली भिंत पाडणारा आणखी एक मार्ग आहे, आणि प्रस्तुत विषयातला तो बहुधा सर्वांत सुंदर भाग आहे. इंटेल घराण्याच्या प्रोसेसरांत एखादी क्रिया इतरांच्या लुडबुडीशिवाय अखंड व्हावी यासाठी त्या आज्ञेच्या आधी लॉक नावाचा एका बाइटचा उपसर्ग लावतात. एकच प्रोसेसर असेल तर तो निरर्थक असतो, पण वेळ मात्र खातो. २००६ मध्ये गेर्ड हॉफमन यांनी आणलेल्या व्यवस्थेत कंपायलर अशा प्रत्येक उपसर्गाचा पत्ता एका यादीत नोंदवून ठेवतो आणि कर्नल सुरू होताना प्रोसेसर एकच आहे असे दिसले की यादी हातात घेऊन आपल्याच आज्ञांमधले ते बाइट निरुपद्रवी बाइटांनी बदलून टाकतो. पुढे दुसरा प्रोसेसर जोडला गेला तर तीच यादी घेऊन ते परत लावता येतात. कर्नल स्वतःलाच दुरुस्त करतो. हीच कल्पना २०२४ मध्ये टोरवाल्ड्स यांनी सुरू होताना ठरणाऱ्या स्थिरांकांसाठी वापरली: आज्ञेच्या पोटात आकड्यासाठी रिकामी जागा ठेवायची, यंत्र सुरू झाल्यावर आकडा कळला की तो तिथे कोरायचा आणि त्यानंतर स्मृतीकडे विचारणा करायचीच नाही. ही युक्ती आज्ञेतला आकडा बदलू शकते, पण चक्र नाहीसे करणे, वाट छाटणे किंवा फंक्शनची हाक वाचवणे तिला जमत नाही, कारण ती कामे कंपायलरची आणि कंपायलर तेव्हा जागेवर नसतो.

अलीकडचा प्रवाह मात्र उलट दिशेला वाहताना दिसतो. वेगवेगळ्या बांधण्या म्हणजे वेगवेगळी परीक्षा. एका प्रोसेसरसाठी लिहिलेल्या खास वाटा फार थोडे लोक चालवून पाहत असल्यामुळे त्यांतले दोष उशिरा सापडतात आणि मजकूर वाचणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी दोन अर्थ ध्यानात ठेवावे लागतात. २०२५ मध्ये इंगो मोल्नार यांनी शेड्युलरमधली एकल-प्रोसेसर वाट काढून टाकणारे बदल केले आणि ते ६.१७ या आवृत्तीत आले. आता एकाच प्रोसेसरसाठी कर्नल बांधला तरी त्याचा शेड्युलर अनेकांना सांभाळणारा असतो. तो सदस्यांची यादी काढतो, चक्र सुरू करतो, पहिल्या सदस्याशी पोहोचतो आणि तिथेच त्याची फेरी पूर्ण होते.